वेल्ड केलेल्या चॅसिसची फटीग लाइफ कशी काढायची: उसाच्या ट्रॉलीवरून स्टेप बाय स्टेप, आणि क्रम नेमका कुठे चुकतो

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडच्या फॅब्रिकेशन शॉपमधनं जे फटीगचे (लोड वारंवार कमी-जास्त होऊन क्रॅक पडण्याचे) रिपोर्ट बघायला मिळतात त्यात चूक बहुतेक तीच असते. मॉडेलमध्ये जिथं सगळ्यात लाल दिसतंय तिथला व्हॉन मायझेस आकडा (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एकच आकडा) उचलायचा, कुठल्यातरी कोडचा एस-एन कर्व्ह (किती स्ट्रेसला किती सायकल टिकतील तो आलेख) लावायचा, भागाकार मारायचा आणि खाली "सेफ" लिहून सही. मग ऐन गळीत हंगामात, ऊस भरलेला असताना, दांडी चॅसिसपासनं सुटते आणि ट्रॅक्टर-ट्रॉली चिकोडी रोडवर आडवी. गणित चुकलेलं नसतं बघा, गणित करायच्या आधीच्या पायऱ्या गाळलेल्या असतात.

उदाहरणाला दोन अ‍ॅक्सलची उसाची ट्रॉली घेतलीय. ८ मिमीचे मेन मेंबर, पुढं दांडी, खाली पाट्यांचे हँगर, सगळं फिलेट वेल्डनं जोडलेलं. क्रेन गर्डर असो, कारखान्यातली व्हायब्रेटिंग स्क्रीन असो की कन्व्हेयरचा स्टँड, क्रम हाच.

आधी हे जमवा, मगच कॉम्प्युटर चालू करा

ड्रॉइंग नको, तयार झालेला जॉब मोजा. वेल्ड गेज घेऊन लेग साईज बघा, पट्टीची खरी जाडी बघा, फिटअपमध्ये गॅप किती राहिलाय आणि दोन पट्ट्या एका लायनीत आहेत का ते बघा. ड्रॉइंगवर ६ चा फिलेट असतो, जॉबवर एका बाजूला ८ आणि वेल्डरचा हात पोचत नाही त्या बाजूला ४ असतो, आणि क्रॅक तिथनंच निघतो.

मग वापराची माहिती काढा. एका हंगामात किती खेपा, त्यातल्या किती भरून आणि किती रिकाम्या, शेतातला रस्ता किती आणि डांबरी किती, आणि खरोखर किती टन भरतात. हा शेवटचा आकडा मालकाला विचारू नका, वजनकाट्याच्या पावत्या बघा.

तिसरं काम लोकांना कमीपणाचं वाटतं म्हणून कुणी करत नाही. निपाणी, संकेश्वर, रायबाग, कुठंही जा, ट्रॉल्या रिपेर करणारा एखादा जुना वेल्डर गाठा आणि विचारा, "मामा, ही कुठं फुटते?" तो बोट ठेवून दाखवतो. त्याचं बोट आणि तुमच्या मॉडेलमधली लाल जागा जुळत नसतील तर मी डोळे झाकून मामाचं खरं धरतो आणि मॉडेलची बाऊंडरी कंडिशन (मॉडेल कुठं आणि कसं धरलंय ते) तपासायला घेतो.

शेवटी कोड एकच निवडा. आयआयडब्ल्यू (आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशी), युरोकोड ३ चा भाग १-९, बीएस ७६०८ किंवा आपला आयएस ८००, जो घ्याल तो शेवटपर्यंत. मधेच बदलायचा नाही, का ते टप्पा ५ मध्ये येतंय.

टप्पा १: क्रॅक कुठनं निघणार ते ठरवा

फिलेट वेल्डला क्रॅक निघायच्या जागा मुख्यत्वे तीन. टो, म्हणजे वेल्ड जिथं पट्टीला मिळतो ती कड. रूट, म्हणजे आतली न वितळलेली फट. आणि वेल्डची सुरुवात किंवा शेवट. लोक फक्त टो तपासतात कारण तो दिसतो.

एक हिशोब करून बघू. ८ मिमी पट्टी, दोन्ही बाजूला ६ मिमी लेगचा फिलेट, पूर्ण पेनिट्रेशन नाही, आणि लोड वेल्डमधनंच पलीकडं जातोय. थ्रोट (वेल्डची सगळ्यात कमी जाडी) साधारण ०.७ × ६ = ४.२ मिमी, दोन्ही मिळून ८.४. पट्टीत ६० मेगापास्कल रेंज (एका सायकलमधल्या कमाल आणि किमान स्ट्रेसचा फरक) असेल तर थ्रोटवर ५७ च्या आसपास. आयआयडब्ल्यूप्रमाणं अशा जॉइंटचा टो फॅट ६३ (फॅट म्हणजे २० लाख सायकल टिकणारी रेंज, मेगापास्कलमध्ये) आणि रूट, थ्रोटवरच्या स्ट्रेसनं, फॅट ३६. टोचं आयुष्य येतं (सूत्र टप्पा ६ मध्ये) साधारण २३ लाख सायकल आणि रूटचं ५ लाख. म्हणजे तुम्ही टोचा सुंदर रिपोर्ट बनवला आणि ट्रॉली त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आतच रूटमधनं गेली, आणि रूटचा क्रॅक वेल्ड फोडून वर येईपर्यंत बाहेरनं दिसतसुद्धा नाही.

तपासा: प्रत्येक वेल्डसमोर टो, रूट, एंड यातलं काय-काय चेक करायचं ते लिहिलंय का? एकच लिहिलं असेल तर का, ते पण लिहा.

टप्पा २: स्ट्रेसचा प्रकार आणि कर्व्ह, जोडी मोडू नका

नॉमिनल स्ट्रेस: हातानं काढता येणारा, पी भागिले ए अधिक एम भागिले झेड वाला (लोड भागिले क्षेत्रफळ, अधिक वाकवणारा मोमेंट भागिले सेक्शन मॉड्युलस). याच्यासोबत त्या-त्या डिटेलचा क्लास (कोडमधला दर्जा, फॅटचा आकडा तोच), जॉइंटच्या चित्रावरनं निवडलेला.

हॉट-स्पॉट स्ट्रेस: टोपासनं ०.४ टी आणि १.० टी अंतरावरचा स्ट्रेस घेऊन टोपर्यंत वाढवलेला (टी म्हणजे पट्टीची जाडी). सूत्र असं: १.६७ × पहिला − ०.६७ × दुसरा. ८ मिमीला ही अंतरं ३.२ आणि ८ मिमी. याच्यासोबत फॅट ९० (लोड नेणारे फिलेट) किंवा फॅट १०० (लोड न नेणारे). ही पद्धत टोसाठीच, रूटला चालत नाही.

इफेक्टिव्ह नॉच स्ट्रेस: टो आणि रूटला १ मिमी त्रिज्येची गोलाई मॉडेल करून काढलेला, सोबत फॅट २२५, जाडी ५ मिमी किंवा जास्त असेल तर. मेहनत खूप, पण रूटचा हिशोब नीट करायचा तर हाच.

सावधान: टोच्या अगदी कोपऱ्यातल्या एलिमेंटचा स्ट्रेस यातल्या कशातच बसत नाही. तो मेशवर (मॉडेलच्या जाळीवर) अवलंबून असतो, मेश बारीक करत जाल तसा वाढतच जातो. मेश निम्मी करा आणि आकडा बघा, १५-२० टक्क्यांनी उडी मारली तर तो आकडा कचऱ्यात.

पट्टीच्या कडेवर संपणारा वेल्ड असेल, जसा गसेटचा (कोपऱ्यात आधाराला लावलेल्या पट्टीचा), तर जाडीचा संबंध राहत नाही, तिथं ४, ८ आणि १२ मिमीवर वाचायचं: ३ × पहिला − ३ × दुसरा + तिसरा. दांडीच्या गसेटला हेच लागतं आणि लोक तिथं सर्रास ०.४ टी वापरतात.

टप्पा ३: लोड मोजा, अंदाजानं धरू नका

खरा गुंता इथं आहे म्हणून जरा सविस्तर.

ट्रॉलीला एकाच वेळी तीन-चार गोष्टी होत असतात. खड्ड्यानं उभा दणका, ट्रॅक्टरची ओढ आणि ब्रेक, वळताना आडवा लोड, आणि शेताच्या बांधावर एक चाक वर एक खाली झालं की अख्ख्या चॅसिसला पीळ. "स्टॅटिक लोड × २" धरून यातलं काहीच पकडता येत नाही.

स्ट्रेन गेज लावा. ३५० ओहमचे घेतले तर लांब वायर आणि गरम होण्याचा त्रास कमी. हॉट-स्पॉटसाठी गेज अगदी बारीक लागतो, जाडीच्या ०.२ पटीपेक्षा लांब नको, म्हणजे ८ मिमी पट्टीवर दीड मिमीच्या आसपास, आणि तो उन्हात शेतात बसून चिकटवायचं काम सोपं नाही. जमत नसेल तर वेल्डपासनं लांब, जिथं स्ट्रेस सरळ आहे तिथं साधा ५ मिमीचा गेज लावा आणि तिथनं हॉट-स्पॉटपर्यंतचं गुणोत्तर मॉडेलमधनं काढा. माझं मत विचाराल तर छोट्या शॉपनं हेच करावं. पीळ कुठं येतोय माहीत नसेल तर ०-४५-९० ची रोझेट (तीन दिशांचे गेज एकत्र) लावा, एका दिशेचा गेज तिथं आंधळा.

सॅम्पलिंग सेकंदाला ५०० ठेवलं तर ट्रॉलीच्या चॅसिसला सहसा पुरतं, पण अँटी-एलियासिंग फिल्टर (सॅम्पलिंगला न झेपणारी वेगवान कंपनं आधीच गाळणारा) चालू पाहिजे. निघायच्या आधी शंट कॅलिब्रेशन (माहीत असलेला रेझिस्टन्स जोडून रीडिंग तपासणं) करा आणि रिकाम्या ट्रॉलीवर झिरो घ्या, भरलेल्यावर नको.

रेकॉर्डिंग अख्ख्या खेपेचं करा. रिकामी शेतात जाणे, भरणे, मातीच्या वाटेनं बाहेर येणे, डांबरी, कारखान्याच्या यार्डातली वळणं, उतरवणे, परत. अथणी-रायबागची काळी माती आणि खानापूरकडचा खडबडीत तांबडा रस्ता यांची रेकॉर्डिंग वेगळी दिसते, एकाची दुसऱ्याला चालवू नका.

सावधान: तुकड्या-तुकड्यानं रेकॉर्ड करून प्रत्येक तुकड्याचा वेगळा हिशोब केला की सगळ्यात मोठी सायकल हरवते. रिकामी ते भरलेली ते परत रिकामी, ही प्रत्येक खेपेला एक मोठी सायकल असते आणि ती कुठल्याच एका तुकड्यात नसते. तुकडे खऱ्या क्रमानं जोडा, मग मोजा.

तपासा: १००० मायक्रोस्ट्रेन म्हणजे स्टीलमध्ये साधारण २०५-२१० मेगापास्कल. रेकॉर्डमध्ये ५००० मायक्रोस्ट्रेनचा काटा दिसला तर तो रस्त्याचा खड्डा नव्हे, वायर सुटलीय.

टप्पा ४: लोड वेळेप्रमाणं जोडा

मॉडेलमध्ये प्रत्येक लोड एकेक एकक देऊन सोडवा, उभा १ किलोन्यूटन, ओढीचा १, आडवा १. प्रत्येकाचा हॉट-स्पॉटवर किती स्ट्रेस येतो ते लिहा. मग मोजलेल्या लोडच्या प्रत्येक क्षणाला त्याच्या-त्याच्या आकड्यानं गुणा आणि बेरीज करा. हातात दोन लायनी यायला हव्यात, वेल्डला काटकोनातला स्ट्रेस आणि वेल्डच्या लांबीला धरून असलेला शिअर, दोन्ही वेळेप्रमाणं.

उभ्याचा कमाल अधिक ओढीचा कमाल अधिक वळणाचा कमाल अशी बेरीज नको, तिन्ही कमाल एकाच क्षणी येतच नाहीत. आणि उलटंही होतं, दोन मध्यम लोड एकाच क्षणी येऊन जास्त नुकसान करतात, ते या बेरजेत कळत नाही.

त्यानंतर रेनफ्लो, म्हणजे वेड्यावाकड्या स्ट्रेसच्या लायनीतनं सायकल मोजायची पद्धत. रेनफ्लो व्हॉन मायझेसवर कधीच चालवू नका. व्हॉन मायझेसला वजा चिन्ह नसतं, त्यामुळं −६० ते +६० ची खरी १२० ची सायकल तिथं ० ते ६० अशी दोनदा दिसते. रेंज अर्धी म्हणजे घन घेतल्यावर आठवा हिस्सा, सायकल दुप्पट, म्हणजे डॅमेज (झालेल्या सायकल भागिले टिकणाऱ्या सायकल) चौथ्या हिश्शावर. रिपोर्टमध्ये लाइफ चौपट, रस्त्यावर आहे तेवढीच.

मीन (सरासरी) स्ट्रेससाठी गुडमनची दुरुस्ती लावायचा मोह होतो. वेल्डनंतर स्ट्रेस रिलीव्ह केलेलं नसेल तर लावू नका. वेल्डजवळ यील्डच्या आसपास ताण आधीच अडकलेला असतो, त्यामुळं बाहेरनं सायकल दाबाची असली तरी टोला ती ताणाचीच. रेंज धरा, संपलं.

टप्पा ५: क्लास निवडा आणि दुरुस्त्या लावा

आधी वर म्हटलेला, मधेच कोड बदलण्याचा सापळा. आयआयडब्ल्यू आणि युरोकोडचा क्लास २० लाख सायकलला सांगतात, आयएस ८००:२००७ चा ५० लाखाला. त्यामुळं युरोकोडचा ७१ म्हणजे आयएस ८०० मधला ५२, आणि ९० म्हणजे ६६. आयएसमधला ५२ उचलून २० लाखाच्या सूत्रात टाकला तर हिशोब उगाच कडक होतो, युरोकोडचा ७१ आयएसच्या सूत्रात टाकला तर लाइफ अडीच पट फुगते. दुसरी चूक महाग पडते.

मग या गोष्टी बघा:

मिसअलाइनमेंट. दोन सारख्या जाडीच्या पट्ट्यांचा बट जॉइंट, ८ मिमी जाडी, १ मिमी सरकलेला: १ + ३ × १ ÷ ८ = १.३७५. म्हणजे स्ट्रेस ३७ टक्क्यांनी वाढला. थोडी मिसअलाइनमेंट क्लासमध्ये आधीच धरलेली असते, ती दोनदा मोजू नका.

जाडी. २५ मिमीच्या वर क्लास कमी होतो. ट्रॉलीला प्रश्न येत नाही, प्रेसच्या फ्रेमला येतो.

अंडरकट, म्हणजे टोला पट्टीत पडलेली खाच. क्लास चांगल्या वेल्डसाठी आहे. नखाला लागतोय असा अंडरकट असेल तर आधी वेल्ड सुधारा, क्लास नंतर.

ग्रेड. "ई २५० च्या जागी ई ३५० घेतलं, आता काळजी नाही" हे वाक्य फार ऐकायला मिळतं (ई ३५० म्हणजे जास्त ताकदीचं स्टील). वेल्ड केल्याकेल्या अवस्थेत दोन्हीचा एस-एन कर्व्ह एकच. उलट, भारी स्टील म्हणून पट्टी पातळ केली तर स्ट्रेस वाढून लाइफ कमी होते.

टप्पा ६: डॅमेजची बेरीज

आता आकडे. हे समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्या ट्रॉलीचे तुम्ही मोजा. दांडीचा वेल्ड, हॉट-स्पॉट, फॅट ९०, एका पूर्ण खेपेत:

१४० मेगापास्कल: ६ सायकल
९० मेगापास्कल: १२० सायकल
५० मेगापास्कल: १,५०० सायकल
२५ मेगापास्कल: ९,००० सायकल

सूत्र: एन = २० लाख × (९० ÷ रेंज) चा घन. हे १ कोटी सायकलपर्यंत, म्हणजे ५२.६ मेगापास्कलपर्यंत. त्याच्या खाली रेंज कमी-जास्त होत असेल तर स्लोप (सूत्रातला घात) ३ चा ५ करायचा: एन = १ कोटी × (५२.६ ÷ रेंज) चा पाचवा घात.

१४० चा डॅमेज ०.००००११. ९० चा ०.००००६०. ५० चा ०.०००११६. २५ चा ०.००००२२. एकूण ०.०००२०९ एका खेपेला.

कमी-जास्त होणाऱ्या लोडसाठी बेरीज १ पर्यंत नेऊ नका, ०.५ ला थांबा. ०.५ ÷ ०.०००२०९ म्हणजे साधारण २,४०० खेपा. हंगामात २४० खेपा होत असतील तर १० हंगाम.

आता या आकड्यांकडं जरा बघत बसा. ज्या १४० च्या दणक्यानं ड्रायव्हर शिव्या घालतो त्याचा वाटा ५ टक्के. निम्म्याहून जास्त डॅमेज ५० वाल्या सायकलचं, जी कुणाला जाणवतही नाही. "एंड्युरन्स लिमिटच्या खाली आहे" म्हणून ५० आणि २५ गाळले तर लाइफ ७,००० खेपा येते, जवळजवळ तिप्पट, आणि पूर्ण खोटी.

ओव्हरलोडचं पण बघा. सगळ्या रेंज २० टक्क्यांनी वाढल्या असं धरलं तर ५० ची सायकल ६० होऊन गुडघ्याच्या (स्लोप बदलतो त्या ५२.६ च्या) वर जाते, डॅमेज ०.०००४० होतं, आणि २,४०० खेपांच्या १,२५०. दोन-तीन टन जास्त घालून प्रत्येक खेपेला जे सुटतं त्यातनं अर्धी ट्रॉली जाते, हा हिशोब मालकाला टनात नाही, हंगामात सांगा, लगेच पटतो.

तपासा: स्ट्रेस १० टक्के जास्त धरून परत एकदा चालवा. स्लोप ३ ला लाइफ पाव हिश्शानं कमी होते, ५ ला त्याहून जास्त. हा फरक रिपोर्टमध्ये लिहा. "२,३९०.४ खेपा" असं लिहिणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच विचारतो.

टप्पा ७: पीळ आणि वाक एकत्र असेल तर

काटकोनातला स्ट्रेस आडव्या अक्षावर आणि शिअर उभ्या अक्षावर असा प्रत्येक क्षणाचा ठिपका काढा. ठिपके एका तिरक्या रेषेत आले तर दोन्ही बरोबरीनं चाललेत, प्रपोर्शनल. ढग झाला तर नॉन-प्रपोर्शनल. दांडीच्या मुळाशी आणि मागच्या हँगरला सहसा ढगच येतो, कारण पीळ रस्त्यानं ठरतो आणि ओढ ट्रॅक्टरनं.

आयआयडब्ल्यूच्या पद्धतीनं दोन्हींचे इक्विव्हॅलंट रेंज (तेवढंच डॅमेज करणारी एकच स्थिर रेंज) काढा (शिअरचा स्लोप ५, फिलेटला फॅट ८०), प्रत्येकाला त्याच्या परवानगीच्या रेंजनं भागा, वर्ग करून मिळवा. प्रपोर्शनलला बेरीज १ पर्यंत चालते, नॉन-प्रपोर्शनलला ०.५ पर्यंतच. समजा गुणोत्तरं ०.७ आणि ०.५ आली: ०.४९ + ०.२५ = ०.७४. रेषा असेल तर पास, ढग असेल तर नापास. त्याच जॉइंटचं, त्याच आकड्यांचं. म्हणून ठिपक्यांचं चित्र रिपोर्टला जोडल्याशिवाय हा टप्पा पुरा झाला असं धरू नका.

युरोकोडमध्ये मात्र दोन्हींचे डॅमेज सरळ मिळवून १ शी तुलना करतात. एकाची बेरीज आणि दुसऱ्याची मर्यादा असा काला करू नका.

टप्पा ८: नापास झालं तर काय बदलायचं

लगेच पट्टी जाड करायला जाऊ नका, हा क्रम धरा. पहिलं, वेल्डची जागा हलवा, जास्त वाकणाऱ्या ठिकाणाहून न्यूट्रल अक्षाकडं. हँगर चॅनलच्या खालच्या फ्लँजला आडवा वेल्ड न करता वेबला बोल्ट केला तर कितीतरी फरक पडतो. दुसरं, रूट अडचणीचा असेल तर बेव्हल मारून पूर्ण पेनिट्रेशन. तिसरं, टो अडचणीचा असेल तर बर ग्राइंडिंग (बारीक फिरत्या कटरनं टो घासणं), अंडरकटच्या तळापासनं किमान ०.५ मिमी खोल, खुणा लोडच्या दिशेनं. नीट झालं तर माइल्ड स्टीलला क्लास १.३ पटीनं धरता येतो. डिस्क ग्राइंडर आडवा फिरवून चकचकीत केलेला वेल्ड यात येत नाही, आणि रूट कमकुवत असताना टो घासून काहीच मिळत नाही.

आणि क्रॅक आधीच आलेला असेल तर वरनं पट्टी ठोकून वेल्ड मारणं बंद करा. पट्टीच्या टोकाचा आडवा वेल्ड हा मूळच्यापेक्षा खालच्या क्लासचा, पुढच्या हंगामात क्रॅक पट्टीच्या कडेनं निघतो. क्रॅक पूर्ण गॉजिंग करून (खोदून) काढा, संपला की नाही ते डीपी टेस्टनं (रंग मुरवून क्रॅक दाखवणारी तपासणी) बघा, टोकाच्या पुढं थोडं जास्त काढा, मग बेव्हलमध्ये भरा आणि टो घासा. हिशोब त्या जॉइंटचा शून्यापासनं, पण शेजारच्या आणि समोरच्या बाजूच्या जॉइंटचा नाही, त्यांनी तेवढ्याच खेपा खाल्ल्यात, तेव्हा त्याच दिवशी त्यांची पण डीपी करून घ्या.